दोन लहान मुलं, साडेतीनशे सीसी आणि साताऱ्याचे रस्ते

यवतेश्वर_वळण (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.४०

हा धागा कोणती गाडी घ्यावी यासाठी नाही. गाडी आहे. साडेतीनशे सीसी, लग्नाआधी घेतलेली, आजही हाफ किकला चालू होते. तिचं पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.

वय सदतीस. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनाचा. घर गोडोलीत, नोकरी एमआयडीसीत, रोजचं जाणं-येणं बाइकवर. त्याशिवाय एक नाद आहे: रविवारी पहाटे सगळे झोपलेले असताना बाहेर पडायचं. कधी यवतेश्वर चढून कास-बामणोली, कधी मेढ्यावरून केळघर घाट करत महाबळेश्वर, पाऊस सरला की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण. एकटाच जातो. ग्रुपमध्ये जमत नाही, तिथे वेग दुसरा कुणीतरी ठरवतो.

दिवाळीत सासुरवाडीला विषय निघाला. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता दोन पोरं झाली, गाडी काढून टाका." सासरे गप्प राहिले, म्हणजे त्यांचंही तेच मत. बायको म्हणते, "मी विक म्हणणार नाही आणि चालव असंही म्हणणार नाही." हे सगळ्यात अवघड.

हेल्मेट फुल-फेस आहे. जॅकेट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड आहेत आणि ते वापरतो. वेगाची हौस नाही. तरीही मेहुण्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. लहान मुलांचे आईबाप असलेल्यांनी हे कसं ठरवलं ते सांगा. एक विनंती: "मरण काय बाथरूममध्ये पाय घसरूनही येतं" हे नको. खरं असेल, पण त्यावरून काहीच ठरत नाही.

माणदेशी_गडी | शनिवार, रात्री ११.०५

इकू नगा दाजी! आमच्याकडं म्हसवडच्या बाजाराला नवरा, बायको, दोन पोरं आन् मधी पिशवी, समदं एकाच गाडीवं असतंय. तुमी एकटं जाताय, टोपडं घालून जाताय, आन् तुमालाच भ्या? मेव्हण्याला म्हणावं, तू तुझी चारचाकी नीट चालीव.

आकडेमोड | रविवार, सकाळी ७.५०

माणदेशी, प्रतिसाद झकास, पण एका गाडीवर चौघं बसतात म्हणून ते चालतं असं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघा. देशभरात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं अशी नोंद असलेले मृत ५०,०२९. त्यात ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हा दुसरा आकडा आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. "मागच्याला कशाला हेल्मेट" म्हणणारे निम्मे लोक माझ्याच सोसायटीत राहतात.

धागाकर्त्यासाठी आणखी एक. त्या वर्षीच्या एकूण मृतांपैकी साधारण दोन-तृतीयांश १८ ते ४५ वयाचे होते. म्हणजे ज्यांच्या घरी लहान मुलं असतात, तेच. मेहुण्याची भीती अगदीच हवेतली नाही.

आणि घाटाला घाबरणाऱ्यांसाठी: याच अहवालात साधारण दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत, आणि धडकेच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून दिलेल्या धडकेचा. वळणाचा नाही.

खंबाटकीचा_बोगदा | रविवार, सकाळी ९.१५

आकडेमोड, आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. मुळात देशातला बहुतेक रस्ता सरळच आहे, मग अपघातही तिथेच जास्त होणार. एका किलोमीटरमागे घाट किती धोक्याचा, हे यातून कळत नाही. शिवाय हे सगळ्या वाहनांचे आकडे आहेत, फक्त दुचाकींचे नाहीत.

घाटाची गोष्ट निराळी असते. आपण डावीकडून चालवतो. उजव्या वळणावर बाइक मधल्या रेषेजवळ ठेवून आत झुकवली की चाकं आपल्या बाजूला राहतात आणि डोकं-खांदे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये जातात. केळघरला किंवा पसरणीला समोरून एसटी वळण कापत आली तर तिथे जागाच उरत नाही. वळण दिसेपर्यंत बाहेरच्या कडेने राहायचं, शेवट दिसला की मगच आत यायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे लायसन्सची परीक्षा म्हणजे मैदानात आठ काढायचा आणि पाय टेकवायचा नाही.

कासच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शनिवार-रविवार तर यवतेश्वर घाट टाळाच. रस्ता अरुंद, धुकं, कडेला शेवाळ आणि घाटाची सवय नसलेले पाहुणे आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतात. फुलं मंगळवारीही तीच असतात.

मिसळपंथी | रविवार, सकाळी ९.४०

मंगळवारी आम्हाला ऑफिस असतं हो.

फडातला_फुफाटा | रविवार, दुपारी १.३०

वळण, घाट सगळं ठीक. साताऱ्या-सांगलीत नोव्हेंबर ते मार्च माणूस मरतो तो उसाच्या ट्रॉलीवर. यावर कुणी बोलेना म्हणून लिहितो. मी स्वतः ऊसवाला आहे, तेव्हा कारखान्यांचा द्वेष वगैरे काही नाही.

एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर. मागचा दिवा नाही, असला तर चिखलाने लिंपलेला. रिफ्लेक्टरची पट्टी कारखान्याने लावली तरी चार खेपांत पाचटाखाली जाते. ट्रॅक्टरवर टेप एवढा मोठा की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. समोरून येणारा अप्पर मारतो, त्या उजेडात तुम्हाला पुढचं काळं काही दिसत नाही, आणि ते काळं म्हणजेच ट्रॉली.

ट्रॉली पंक्चर झाली तर आणखी वाईट. रस्त्यातच उभी करतात, मागे खूण म्हणून चार दगड आणि एखादी फांदी. काम झालं की ट्रॉली जाते, दगड तिथेच. दगडावर पुढचं चाक गेलं तर साडेतीनशे काय आणि शंभर काय.

ताशी ६० ला तुम्ही सेकंदाला साधारण १७ मीटर जाता. दिसलं, मेंदूत शिरलं, बोट ब्रेकवर गेलं, तोवर तेवढं अंतर संपलेलं असतं. डिपरवर तुम्हाला किती दिसतं ते एकदा अंधारात थांबून पावलांनी मोजा. हंगामात दिवस मावळल्यावर बाइक नको. रहिमतपूर-कोरेगाव पट्ट्यात तर अजिबात नको.

मास्तरीणबाई | रविवार, रात्री ९.१०

सगळं वाचलं. एक विचारू का?

मी रोज स्कूटीवरून महामार्गाने शाळेत जाते, साताऱ्याहून अतीत गावाच्या पुढे. सहापदरीकरणामुळे आज ज्या वळणाने गेले ते उद्या असेलच असं नाही. खडी पसरलेली, फलक आडवा पडलेला, सर्व्हिस रोडवर समोरून राँग साइडने येणारे. पावसात ट्रकच्या चाकांचं पाणी थेट काचेवर. मलाही दोन मुलं आहेत, मोठा चौथीत.

आजतागायत माझ्या माहेरी किंवा सासरी कुणीही बसून "हिची गाडी काढून टाकायची का" असा विषय काढलेला नाही. दिवाळीत तर नाहीच. तेव्हा मी आत करंज्या तळत होते. माझी स्कूटी संसारात मोडते आणि तुमची बाइक चैनीत, म्हणून तुमच्या जिवाची बैठक बसते. मागून येणाऱ्या कंटेनरला यातलं काही दिसत नाही. तुमच्याकडे निदान जॅकेट आणि ग्लोव्हज आहेत. माझ्याकडे सनकोट, ओढणी आणि येताना पायाशी भाजीची पिशवी. हेल्मेट मी हट्टाने चांगलं घेतलं, तर सहकारी म्हणाले, "बाई, पोलीस भरतीला चाललात का?"

यवतेश्वर_वळण, तुमच्या घरात महिन्याला जास्त किलोमीटर दुचाकी कोण चालवतं?

मिसळपंथी | रविवार, रात्री ९.२२

+१. आता मेहुण्यालाच धाग्यावर बोलवा.

यवतेश्वर_वळण (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११.३०

ताई, बायकोच चालवते. ती कोरेगावला नोकरीला आहे. संगम माहुलीवरून रोज जाते, म्हणजे फुफाट्यांनी लिहिलेल्याच रस्त्याने. हिवाळ्यात परतताना अंधार पडतो. एसटीची वेळ तिच्या सुटण्याशी जुळत नाही. वडापने यायचं तर गाडी भरेपर्यंत हलत नाही, आणि भरली की बाहेर लटकलेल्यांसकट निघते. त्यापेक्षा स्कूटी बरी, असं आम्ही दोघांनी ठरवलेलं.

मेहुणा तिचा सख्खा भाऊ आहे. तिच्या गाडीबद्दल तो बोलला नाही हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर तिला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "त्याला काय, त्याला वाटतं मी विमानाने जाते."

तराजू | सोमवार, सकाळी ८.०५

मास्तरीणबाईंचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने धागाकर्त्याची सुटका होत नाही. उलट तो जास्त अडकतो.

मुलांच्या बाजूने मांडा. आई रोज कोरेगाव रोडवर, ती जोखीम टळत नाही कारण घर त्यावर चालतं. बाप रोज एमआयडीसीत, तेही समजू. आता या घरात आधीच दोघं दुचाकीवर आहेत. त्यात रविवारचा घाट वर आणखी. रोजचं टळत नाही म्हणून हौसेचं माफ, हा हिशेब मला पटत नाही. जिथे जोखीम ऐच्छिक आहे तिथेच तर ती कमी करता येते.

रोजच्या पगाराच्या रस्त्यावर माणूस मेला तर लोक नशीब म्हणतात, कासला मेला तर पोरांना आयुष्यभर "तुझ्या बापाला हौस नडली" ऐकावं लागतं. हे अन्यायाचं आहे, पण ऐकावं लागतं हे खरं.

कोयनेचं_पाणी | सोमवार, सकाळी १०.२०

तराजू, मग बापाने काय करायचं? सोफ्यावर बसून मोबाइल बघायचा? पस्तिशीनंतर बसून राहण्यानेही माणसं जातात. मी बाइक विकली होती, मोठी झाल्यावर. म्हणजे मुलगी झाल्यावर. रविवारी घरात नुसती चिडचिड. शेवटी बायकोच म्हणाली, तू काहीतरी चालव, पण आमच्यावर गुरगुरू नको.

तराजू | सोमवार, सकाळी १०.४५

म्हणजे बायकोला दोनच पर्याय: चिडका नवरा किंवा घाटातला नवरा? सायकल घ्या, अजिंक्यतारा चढा. चार भिंती स्मारकावरचा सूर्योदय फुकट आहे.

कोयनेचं_पाणी | सोमवार, सकाळी १०.५२

सायकलवाल्याला कंटेनर ओळखून वाट देतो वाटतं!

(संपादक: दोघांनी व्यक्तिगत होऊ नये. विषय चांगला चाललाय.)

मिरजेचं_प्लास्टर | सोमवार, रात्री ११.४०

मिरजेत हाडांचा डॉक्टर आहे. धाग्यात बापाच्या जिवाची चर्चा खूप झाली, मुलांच्या अंगाची नाही. म्हणून थोडं सविस्तर.

आमच्याकडे लहान मुलं दुचाकीवरून येतात ती बहुतेक वेळा मोठ्या अपघातातली नसतात. गाडी पडलेलीही नसते. मूल मागे आईच्या कडेवर किंवा एका बाजूला पाय सोडून बसलेलं, पायात चप्पल नाही किंवा सैल आहे, आणि टाच मागच्या चाकाच्या तारांत जाते. पहिल्या दिवशी जखम छोटी दिसते. घरचे हळद लावतात, टाके घालून घरी जातात. आत मात्र टाचेची कातडी चिरडून सुटलेली असते. तीन-चार दिवसांत ती काळी पडते आणि मग कळतं की प्रकरण मोठं आहे, कधीकधी दुसरीकडची कातडी लावावी लागते. साडी गार्ड आणि पाय ठेवायची जागा ही फक्त साडीसाठी नसते. हौसेने गाडी "क्लीन" दिसावी म्हणून ते काढून टाकणारे बाप मी बघतो, तेव्हा बोलावंसं वाटतं. सायलेन्सरने भाजलेली पोटरी तर इतकी नेहमीची की लोक दवाखान्यात येतसुद्धा नाहीत.

दुसरं, टाकीवर बसवणं. बाप म्हणतो, माझ्या दोन हातांच्या मध्ये आहे, सुरक्षित आहे. ब्रेक लागला किंवा समोर आदळलं की बापाचं सत्तर-ऐंशी किलोचं शरीर पुढे येतं आणि मूल हँडल आणि बापाच्या मध्ये दाबलं जातं. हातांच्या मधली ती जागा गाडीवरची सर्वांत वाईट जागा आहे.

तिसरं, हेल्मेट. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आहे. पण पट्टा लावलेला असेल तर. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटण्यात डोक्यावरून निघून जातं. पट्टा बांधून मागून वर ढकलून बघा, निघालं तर माप मोठं आहे. हायवेच्या कडेला झाडाला टांगून विकतात ते टोपलं घेऊ नका, त्यावर आयएसआयचा स्टिकरही छापील मिळतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोल एकदाच दबतं.

आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास नीट चालू असेल तर १०८ ला फोन करा आणि मान हलू देऊ नका.

कायद्याचं_कलम | मंगळवार, सकाळी ७.३०

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. म्हणजे धागाकर्त्याच्या मुलीलाही.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केला, तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलाला डोक्याच्या मापाचं हेल्मेट हवं (युरोपीय मानकाचं सायकलचं हेल्मेटही चालतं), मुलाला चालकाशी जोडणारा हार्नेस हवा आणि वेग ताशी ४० च्या वर नको. हार्नेस म्हणजे मुलाने घालायचं जाकीट आणि त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांवरून. मूल सीटवर बसतं, टाकीवर नाही. हार्नेस तीस किलोपर्यंत वजन पेलणारा हवा.

एक गोष्ट लोक विसरतात. कलम १२८ प्रमाणे चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो. मूल लहान आहे म्हणून ते मोजायचं नाही, असं कलमात कुठेही नाही. नवरा, बायको आणि कडेवर बाळ हेही ट्रिपल सीटच. पोवई नाक्यावर मामा हात दाखवत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा.

माणदेशी_गडी | मंगळवार, सकाळी ८.१०

मग गरिबानं बाळाला दवाखान्यात न्यायचं कसं साहेब?

कायद्याचं_कलम | मंगळवार, सकाळी ८.४०

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही दादा. कायदा बरोबर आहे आणि एसटी कमी आहेत, दोन्ही खरं.

रहिमतपूरचा_पोर | मंगळवार, रात्री १०.१५

लिहू की नको असं चाललं होतं. नववीत असताना माझे वडील गेले. २००४ ची गोष्ट. हौसेला गेले नव्हते. डेअरीत दूध घालून परत येत होते, संध्याकाळी, हंगामात. फुफाट्यांनी लिहिलंय तसंच. हेल्मेट तेव्हा आमच्या गावात कुणाकडेच नव्हतं.

"तुझ्या बापाला हौस नडली" हे तराजूंनी लिहिलंय. मला ते ऐकावं लागलं नाही, पण त्याने काही बरं वाटलं नाही. बापाचं कारण चांगलं होतं की वाईट, हे दहावीची फी भरताना उपयोगी पडत नाही. घरात एकही विमा नव्हता. सोसायटीचं कर्ज किती, कुणाला किती उसने दिलेत, हे फक्त त्यांच्या डोक्यात. आई वर्षभर लोकांच्या तोंडाकडे बघत होती, कोण खरं सांगतंय ते ओळखायला.

आणि आई त्याच वर्षी गाडी शिकली. त्याच रस्त्यावर. डेअरीला दूध घालायला दुसरं कोण होतं? गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जिवाला भीती नाही का वाटत. ती म्हणायची, वाटते, पण म्हशीला काय सांगू.

धागाकर्त्याने विकावी की ठेवावी हे मी सांगणार नाही. कागद मात्र आजच एका जागी ठेवा आणि ती जागा बायकोला दाखवा.

पॉलिसीवाला_नव्हे | बुधवार, सकाळी ९.००

रहिमतपूरचा पोर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडं कामाचं लिहितो. मी एजंट नाही, काही विकायचं नाही.

गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो नावाप्रमाणेच गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आहे. स्कूटी नवऱ्याच्या नावावर आणि रोज चालवते बायको, हे आपल्याकडे घरोघर असतं. त्या घरात हे कव्हर तिच्यासाठी आहे असं धरून चालू नका. गाडी तिच्या नावावर करा किंवा तिचा वेगळा अपघात विमा काढा.

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आपल्याच गाडीवर मागे बसलेल्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलंय. मागे बायको बसणार असेल तर पूर्ण पॉलिसी घ्या आणि मागच्याचं कव्हर वाचून घ्या.

टर्म इन्शुरन्स दोघांचा. फक्त कमावत्या पुरुषाचा काढतात, ती जुनी खोड. नवऱ्याची पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली तर पैसा बायको-मुलांचाच राहतो, देणेकऱ्यांना सहसा हात लावता येत नाही. नंतर ते करता येत नाही. वारस अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा कोण, तेही फॉर्मवर लिहा. तिथे भांडकुदळ काका नको.

२०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. घरच्यांना माहीत असू द्या.

मास्तरीणबाई | बुधवार, दुपारी २.३०

मालक-चालकाचं वाचून मधल्या सुट्टीत घरी फोन केला. आरसी बुक ह्यांच्या नावावर आहे. ह्यांचं म्हणणं, "एवढं काय त्यात." शनिवारी आरटीओच्या कामाला लावते.

यवतेश्वर_वळण (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री १०.०५

आठवडाभर धागा घरात जोराने वाचून दाखवतोय. बायकोने जेवढं ऐकलं त्यावरून दोघांनी बसून ठरवलं.

बाइक विकत नाही. तराजूंचं म्हणणं पूर्ण पटलं असतं तर विकली असती. अर्धं पटलं. त्यामुळे हंगामात, म्हणजे आत्तापासून मार्चपर्यंत, कोरेगाव-रहिमतपूर-कराड बाजूला बाइक नाही, आणि अंधारात कुठेच नाही. चिपळूण बंद, निदान धाकटा शाळेत जाईपर्यंत. कुंभार्ली उतरून त्याच दिवशी परत चढायचं म्हणजे शेवटचे दोन तास माणूस थकूनच चालवतो, हे मला आधीपासून माहीत होतं. कास, मेढा राहील, फुलांच्या हंगामाचे शनिवार-रविवार सोडून. कधी निघालो आणि कोणत्या रस्त्याने, ते सांगून जायचं, ही बायकोची अट.

यातला मोठा खर्च माझ्या गाडीवर नाही. तिच्या स्कूटीला नवे टायर, तिला बंद तोंडाचं हेल्मेट आणि रिफ्लेक्टरवालं जॅकेट. तिला जॅकेट नको होतं, साडीवर विचित्र दिसतं म्हणून. मग तिने स्वतःच तोडगा काढला: डिसेंबर ते फेब्रुवारी तिच्या शाखेतल्या आणखी दोघी साताऱ्याहून येतात, त्यांच्याबरोबर एका ओळखीच्या चारचाकीचं महिन्याचं ठरवलं. स्कूटीच्या पेट्रोलपेक्षा महाग पडतंय. पडू दे.

मुलगी शाळेत रिक्षाने जाते, ते तसंच. धाकट्याला टाकीवर बसवून कॉलनीत फेरी मारायची सवय आजोबांची होती. डॉक्टरांचा प्रतिसाद बाबांना वाचायला दिला. दोनदा वाचला आणि म्हणाले, "आम्ही तुला असाच फिरवला." मग थोड्या वेळाने स्वतःच स्कूटरची किल्ली फळीवर ठेवली.

मेहुण्याला लिंक पाठवलीय. त्याने अंगठा दाखवलाय.

तराजू | शुक्रवार, रात्री १०.३०

अर्धं पटलं तरी पुष्कळ. चारचाकीचा तोडगा सगळ्यांत आवडला, तो वहिनींनी काढला हे नोंदवून ठेवा.

हळदीचा_वायदा | शनिवार, सकाळी ७.१५

सांगलीहून. उशिरा वाचतोय. धाकटा पावणेतीनाचा आहे, त्याच्या डोक्याला बसेल असं हेल्मेट इथे दुकानात मिळेना. सगळी पाच-सहा वर्षांपुढची. कुणी घेतलंय का एवढ्या लहान मुलासाठी?

मिरजेचं_प्लास्टर | शनिवार, सकाळी ८.००

आधी शिवणाची टेप घ्या आणि भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून घेर मोजा. सेंटिमीटरमध्ये. दुकानदाराला वय सांगू नका, घेर सांगा. ४८-५० च्या आसपास असेल तर मोटारसायकलचं हेल्मेट मापात मिळणं कठीण, आणि मिळालं तरी एवढ्या मानेला जड होतं. युरोपीय मानकाचं लहान मुलांचं सायकल हेल्मेट बघा, ईएन १०७८ किंवा १०८० आत लिहिलेलं असतं. घालून मुलाला खाली-वर बघायला सांगा. डोळ्यांवर आलं तर परत करा. आणि ते मिळेपर्यंत त्याला रिक्षाने न्या.